कोकणासाठी छोटी बहुउपयोगी हातकुऱ्हाड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना उजाडला की वादळाची धास्ती आणि पावसाळा सरला की डोंगरवाटांची ओढ, या दोन्ही वेळी हातकुऱ्हाडीविषयीचे तेच प्रश्न नव्याने विचारले जातात. पालघर ते सिंधुदुर्ग या पट्ट्यातील दमट, खारी हवा आणि इथली लाकडे डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. देशावरच्या वाचकांना गंजाविषयीचा भाग थोडा सैल धरता येईल.

१. हातकुऱ्हाड म्हणजे नेमकी कोणती, आणि ‘बहुउपयोगी’ म्हटल्यावर तिच्यात अधिक काय असते?

एका हाताने चालवता येते ती हातकुऱ्हाड. तिचा दांडा साधारण ३० ते ४० सेंटिमीटर आणि पात्याचे वजन अर्धा ते पाऊण किलो असते. लाकूडफाट्याची मोठी कुऱ्हाड दोन हातांनी चालवायची असते आणि तिचा दांडा याच्या दुपटीहून लांब असू शकतो. बहुउपयोगी प्रकारात पात्याच्या मागे हातोडी, खिळे उपटण्याची खाच, नट फिरवण्याची भोके, पोकळ दांड्यात करवत किंवा चकमक अशा सोयी जोडलेल्या असतात. त्यांतील कोणत्या खरोखर कामाच्या, याचे उत्तर प्रश्न ६ मध्ये आहे.

२. आमच्या घरी दोन कोयते आहेत. मग कुऱ्हाड घ्यायचीच कशाला?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. पुष्कळ घरांच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर असे आहे की घेऊ नये.

झावळ छाटणे, बांबू तोडणे, शहाळे सोलणे, वाटेवरचे रान साफ करणे आणि मनगटाएवढी ओली फांदी उतरवणे ही कामे कोयता कुऱ्हाडीपेक्षा चांगली करतो, कारण त्याचे पाते पातळ, लांब आणि वाकलेले असते आणि ओल्या तंतूंत ते सरकत जाते. घरचा कोयता चांगल्या धारेत असेल, तर त्याच्या जोडीला एक घडीची करवत घ्यावी. बागायतदाराची बहुतेक गरज एवढ्यात भागते.

कोयता कमी पडतो तो सुक्या, कठीण लाकडात. वाळलेल्या ऐनावर किंवा खैरावर घाव घातला की पातळ धार दुमडते किंवा तिचा तुकडा उडतो. ओंडका उभा फोडणे, खुंटी ठोकणे, फळी उचकटणे, फुगून अडकलेले दार फोडणे यांसाठी मागे वजन असलेले, पाचरीसारखे जाड होत जाणारे पाते लागते, आणि तेथे हातकुऱ्हाडीला पर्याय नाही. म्हणून ती घ्यावी गाडीत आपत्कालीन साहित्य ठेवणाऱ्यांनी, नदीच्या पुराच्या किंवा दरडीच्या टप्प्यात राहणाऱ्यांनी, होडीवर जाणाऱ्यांनी आणि परवानगी असलेल्या ठिकाणी मुक्काम करून चूल पेटवणाऱ्यांनी.

३. वजन आणि लांबी किती असावी?

एकूण वजन एक किलोच्या आत आणि लांबी ३५ सेंटिमीटरच्या आसपास असावी. पाते ४०० ग्रॅमपेक्षा हलके असेल तर सगळा जोर हाताला लावावा लागतो. दांडा २५ सेंटिमीटरहून आखूड असेल, तर चुकलेला घाव जमिनीपर्यंत न पोचता गुडघ्यावर किंवा नडगीवर येतो. याच कारणाने आखूड कुऱ्हाड उभे राहून चालवू नये. गुडघ्यावर बसावे, समोर जाड ओंडका घ्यावा आणि घाव ओंडक्यावरच संपेल अशा बेताने मारावा. हात आणि कुऱ्हाड मिळून जेवढे अंतर होते, तेवढ्या वर्तुळात दुसरे कोणीही नसावे, लहान मुले तर नाहीतच.

४. समुद्राजवळ राहतो. स्टेनलेस स्टीलची घ्यावी की साध्या पोलादाची?

दुकानदार हमखास स्टेनलेस पुढे करतो. गंजाचा विचार केला तर त्याचे म्हणणे चूक नाही, परंतु कुऱ्हाडीच्या पात्याला गंजाआधी आघात सोसायचा असतो. स्वस्त बहुउपयोगी कुऱ्हाडींत वापरले जाणारे स्टेनलेस बहुधा मऊ असते. त्यात क्रोमियम तेरा टक्क्यांच्या आसपास असल्याने ते चकचकीत राहते, पण सुक्या लाकडावर त्याची धार लवकर मुडपते. खाऱ्या हवेत त्यालाही बारीक खड्डे पडतात, म्हणून ‘कधीच गंजत नाही’ हा दावा किनाऱ्यावर खरा ठरत नाही.

मध्यम कार्बनचे, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असलेले आणि नीट पाणी दिलेले (तापवून, बुडवून कठीण केलेले) पोलाद चिवट असते, धार धरते आणि दगडावर लगेच पुन्हा धारेला येते. ते गंजते हे खरे, परंतु गंज ही तेलाने आवरता येणारी गोष्ट आहे, मऊ पोलाद मात्र तेलाने कठीण होत नाही. वेष्टनावर रॉकवेल कठिणता (पोलाद किती कठीण आहे ते सांगणारे माप) छापलेली असेल तर ती ५० ते ५८ या दरम्यान असावी. त्याहून अधिक असल्यास कठीण गाठीवर धारेचा तुकडा उडू शकतो. माझा कौल कार्बन पोलादाला आहे. अपवाद एकच, कायम होडीवर राहणारी कुऱ्हाड. त्यासाठी प्रश्न १२ पाहावा.

५. दुकानात हातात घेऊन चांगली-वाईट कशी ओळखावी? लोहचुंबक लावून कळते का?

लोहचुंबकाने काही कळत नाही, कारण पात्यांसाठी वापरले जाणारे कठीण होणारे स्टेनलेसही चुंबकाला चिकटते. दुकानदाराची हरकत नसेल तर धारेच्या कोपऱ्यावर नवी बारीक कानस हलकेच फिरवावी. कानस लोण्यात गेल्यासारखी रुतली तर पोलाद मऊ आहे, काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर ते अतिकठीण आणि ठिसूळ आहे, आणि थोडी पकड घेऊन बारीक कीस काढू लागली तर योग्य आहे.

त्यानंतर कुऱ्हाड उलटी धरून दांड्याच्या टोकाकडून धारेकडे नजर टाकावी. धार आणि दांडा एका रेषेत नसतील तर प्रत्येक घाव तिरका पडणार. लाकडी दांडा असल्यास त्याचे रेषे पात्याच्या पातळीला समांतर, म्हणजे वरपासून खालपर्यंत सलग गेलेले असावेत. आडवे रेषे आणि गाठी असलेला दांडा रंगाखाली लपवलेला असतो, म्हणून जाड रंगाचा दांडा घेऊच नये. पाते काळ्या रंगात रंगवलेले असेल तर त्यात काही वावगे नाही, तो रंग गंजाला थोडा अटकाव करतो.

६. जाहिरातीत चौदा-पंधरा कामे करणारी कुऱ्हाड दाखवतात. त्यांतील कोणती कामे खरोखर होतात?

माझ्या मते तीन. पहिले, तोडणे आणि फोडणे. दुसरे, मागच्या सपाट माथ्याने खुंटी किंवा खिळा ठोकणे. तिसरे, खाचेने खिळा उपटणे आणि फळी उचकटणे. कौले किंवा पत्रे सावरताना, वादळानंतर तुटक्या रिपा काढताना ही खाच फार उपयोगी पडते.

उरलेल्या सोयींची किंमत कुऱ्हाडीलाच मोजावी लागते. पोकळ दांड्यात करवत आणि चकमक बसते, परंतु पोकळ नळी आणि पाते यांचा जोड बहुधा दोन स्क्रूंवर असतो, आणि नेमका तेथेच प्रत्येक घावाचा ताण येतो. पात्याला नट फिरवण्याची पाच-सहा भोके पाडली की पात्याचे वजन घटते, भोकांच्या कडांत मिठाचे पाणी साचते आणि गंज आतून सुरू होतो. पात्याच्या पाठीवरचे करवतीचे दात तर हातोडीचीच जागा खातात आणि कापत काहीच नाहीत. घडीच्या कुऱ्हाडीविषयीही हेच मत आहे, कारण घाव घालायच्या हत्याराला बिजागरी नको.

करवत हवी असेल तर ती वेगळी घ्यावी. चकमक हवी असेल तर तीही वेगळी घ्यावी, आणि जुलैच्या कोकणात तिच्याबरोबर प्लास्टिकच्या डबीत नारळाची कोरडी सोडणे (वरची सालटे) व लायटरही ठेवावा.

७. दांडा लाकडी असावा, फायबरचा की अखंड पोलादाचा?

तिन्ही चालतात, पण तिघांचे दोष वेगळे आहेत.

लाकडी दांडा हाताला बसणारे हादरे सर्वांत कमी करतो आणि तुटला तर गावातच बदलता येतो. धामणीचे लाकूड लवचीक असल्याने दांड्यासाठी उत्तम, बाभळीचेही टिकते. दोष असा की पावसाळ्यात लाकूड फुगते, हवा कोरडी झाली की आकसते आणि पाते हलू लागते, शिवाय जमिनीवर टेकवून ठेवला तर वाळवी आहेच. लाकडी दांड्यातही जोडणीचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात दांडा खालून घालून वरून पाचर ठोकतात. दुसऱ्यात, कुदळीला असतो तसा, वरच्या टोकाला जाड असलेला दांडा वरून खाली ओवतात, त्यामुळे प्रत्येक फटक्याबरोबर पाते अधिक घट्ट बसते आणि ते निसटून उडत नाही. आपत्कालीन वापरासाठी मी दुसरा प्रकार पसंत करतो, कारण दांडा मोडला तर कोयत्याने तासलेली कोणतीही सरळ फांदी त्यात बसवता येते.

फायबरचा दांडा ओलाव्याने फुगत नाही, पण तो पात्याशी कारखान्यात चिकटवलेला असल्याने सुटला की घरी दुरुस्त होत नाही.

पाते आणि दांडा एकाच पोलादी तुकड्याचे असतील तर पाते निसटण्याची भीती उरत नाही. उचकटण्यासाठी हाच प्रकार सर्वांत भक्कम. मात्र हादरे अधिक बसतात, आणि दांड्यावर पॅराकॉर्ड (नायलॉनची बारीक दोरी) गुंडाळलेली असेल तर तिच्याखाली खारे पाणी अडकून पोलाद न दिसता गंजते. असा दोर महिन्यातून एकदा उलगडून पाहावा, नाहीतर सरळ काढून टाकावा.

८. गावातल्या लोहाराकडून करून घेतली तर?

जरूर घ्यावी. ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद कुऱ्हाडीला योग्य असते आणि ते भंगारात सहज मिळते. एकच काळजी घ्यावी, की जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या भेगा असू शकतात, म्हणून तडकलेला किंवा मोडलेला भाग वापरू देऊ नये. पाणी फक्त धारेच्या बाजूला द्यायला सांगावे; माथा कठीण केला तर खिळ्यावर ठोकताना त्याच्या कपच्या उडतात. घडण साधी दिसते, पण त्या किमतीत तिच्या तोडीची तयार कुऱ्हाड क्वचितच मिळते.

९. पावसाळ्यात गंज कसा आवरावा?

वापरल्यावर पाते गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करावे आणि तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल तेल चालते, ते घरात असतेच आणि त्याच कुऱ्हाडीने खाण्याची वस्तू फोडली तरी अपाय नाही. मात्र ते काही महिन्यांनी खवट होते, म्हणून पुसून पुन्हा लावावे. दीर्घ काळ ठेवून द्यायची असल्यास मशीनचे तेल किंवा ग्रीस अधिक टिकते.

चामड्याच्या म्यानात कुऱ्हाड कायमची ठेवू नये. चामडे ओलावा धरून ठेवते, त्यावर बुरशी येते आणि आतले पाते डागाळते. म्यान फक्त प्रवासापुरते असावे, तेही जाड प्लास्टिकचे आणि खाली पाणी निथळण्याचे भोक असलेले असावे.

लाकडी दांड्याला जवसाचे कच्चे तेल द्यावे. ते पुसलेली चिंधी चुरगळून ठेवू नये, कारण जवसाचे तेल सुकताना तापते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पाण्यात भिजवून टाकावी. होडीच्या लाकडाला लावतात म्हणून काजूच्या टरफलाचे तेल दांड्याला लावण्याचा मोह होतो, पण ते हातावर फोड आणते. हाताच्या मुठीत धरायच्या वस्तूला ते लावूच नये.

१०. धार किती वेळा आणि कशी लावावी?

बोटाने नव्हे, तर सुक्या काठीवर चालवून पाहावी. ती घसरू लागली की लावावी. खाच पडली असेल तर कानशीने, एरवी दगडाने, दोन्ही बाजूंनी सारखी लावावी. विजेच्या चाकावर पाते निळे पडेपर्यंत तापले, तर लोहाराने दिलेले पाणी तेथे उतरले असे समजावे. धार बोथट होण्याचे इथले मुख्य कारण लाकूड नसून जांभा दगड आहे, म्हणून जमिनीवर ठेवून काहीही तोडू नये.

११. वादळात झाड आडवे पडले तर हातकुऱ्हाडीने रस्ता मोकळा करता येईल का?

फांद्या छाटता येतील, खोड नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील माड-पोफळींच्या बागा झोपल्या आणि रस्ते बंद झाले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले, तेव्हाही हेच चित्र होते. अशा वेळी मनगटाएवढ्या जाडीपर्यंत हातकुऱ्हाड, मांडीएवढ्यापर्यंत करवत आणि त्यापुढे यांत्रिक करवत चालवणारा जाणकार माणूस, हा क्रम पाळावा. माडाच्या खोडाचा बाहेरचा थर सर्वांत कठीण असतो आणि आतला गाभा मऊ, त्यामुळे छोटी कुऱ्हाड बाहेरच अडून बसते. पोफळ फाटताना तिच्या धारदार चिपा निघतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेत.

कुऱ्हाड उचलण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. झाडाखाली किंवा झाडावर विजेची तार आहे का? असेल तर जवळ जाऊ नये आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे. रबरी मूठ किंवा लाकडी दांडा विजेपासून संरक्षण देत नाही, ओला दांडा तर मुळीच नाही. दुसरे, खोड किंवा फांदी कशाखाली दबून वाकलेली आहे का? वाकलेल्या फांदीच्या ताणलेल्या बाजूवर पहिला घाव घातला की ती फुटून अंगावर येते. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांनी तिला हात लावू नये. तिसरे, मुळांसकट उन्मळलेल्या झाडाचा बुंधा कापताच मातीचा गड्डा पुन्हा खड्ड्यात उभा राहू शकतो, म्हणून गड्ड्याच्या मागे आणि खड्ड्यात कोणी थांबू नये.

पडलेल्या पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने तो उलथून पाहावा. फुरसे अशा जागी असते आणि ते सहज दिसत नाही.

१२. मासेमारीच्या होडीवर कोणती ठेवावी?

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मोठ्या जहाजांच्या जीवरक्षक नौकेत दोन हातकुऱ्हाडी असतात, दोन टोकांना एकेक. अडकलेला दोर एका घावात तोडून नौका मोकळी करता यावी, हा त्यांचा उपयोग. होडीवरही तीच गरज असते, आणि येथे मऊ पण कमी गंजणारे स्टेनलेस समर्थनीय ठरते, कारण नायलॉनच्या दोराला कठीण पोलादाची आवश्यकता नसते आणि रोज तेल लावणे कोणाकडून होत नाही. दोर मोकळा हवेत न तोडता लाकडी फळीवर धरून तोडावा. कुऱ्हाड कडेला पक्की बांधलेली, पण एका हाताने सुटेल अशी ठेवावी.

१३. पुरात घर किंवा गाडीतून सुटण्यासाठी तिचा उपयोग होतो का?

होतो, पण मर्यादा ओळखून. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारखे पाणी चढले तर पडवीत टांगलेली कुऱ्हाड पाण्याखाली जाते, म्हणून ती माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर असावी. दार फोडायचे तर चौकटीवर शक्ती घालवू नये, दाराच्या मधल्या पातळ फळीवर घाव घालावेत. कौलारू घरात छपरावर जाण्यासाठी काही तोडावे लागत नाही. कौले आतून वर ढकलून बाजूला सरकवता येतात, गरज पडली तर एखादी रिप तोडावी.

खिडकीचे लोखंडी गज मात्र कोणतीही हातकुऱ्हाड कापू शकत नाही. कुऱ्हाड घेण्यापूर्वी वरच्या मजल्यावरची एक जाळी आतून कडी काढून उघडेल अशी करून घ्यावी. खर्चाचा विचार केला तर हा उपाय आधीचा आहे.

गाडीत समोरची काच फोडण्याचा प्रयत्न करू नये, ती दोन थरांमध्ये पापुद्रा घालून बनवलेली असल्याने तडकते पण पडत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर माथ्याच्या कडेने मारावे. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही थरांच्या असतात, ते आधीच पाहून ठेवावे. गाडीत पाणी भरल्यावर हात फिरवायला जागा आणि वेग मिळत नाही, म्हणून काच फोडण्याचे छोटे स्प्रिंगचे साधन आणि पट्टा कापण्याची आकडी चालकाच्या हाताशी असावी. डिकीतली कुऱ्हाड त्या क्षणी निरुपयोगी असते.

१४. गाडीत किंवा पाठपिशवीत कुऱ्हाड बाळगली तर पोलीस अडवतील का?

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील व्याख्येत केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र मानल्या जात नाहीत. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे, आणि तेथेही घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगाच्या वस्तू वगळल्या आहेत. साधी हातकुऱ्हाड या सवलतीत बसते. मात्र त्याच अनुसूचीत युद्धातल्या कुऱ्हाडींचा स्पष्ट उल्लेख असल्याने, मागे अणकुचीदार टोक असलेली, लढाऊ म्हणून विकली जाणारी काळी कुऱ्हाड कशात मोडते यावर वाद होऊ शकतो. तसली घेऊ नये, ती लाकूडही धड तोडत नाही.

दुसरी बाब म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश. सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात ते लागू होतात, आणि त्या दिवसांत हत्यार घेऊन फिरणे टाळावे. एरवी कुऱ्हाड म्यानात, डिकीत आणि दोर, टॉर्च, प्रथमोपचार पेटी अशा साहित्याबरोबर असावी. विमानात ती हातातल्या सामानात चालत नाही.

१५. जंगलात, अभयारण्यात किंवा स्वतःच्या बागेत तरी झाड तोडता येते ना?

राखीव वनात परवानगीशिवाय तोडणे आणि आग पेटवणे, दोन्ही भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. गडावरचा मुक्कामही बहुधा वनखात्याच्या हद्दीत असतो. फणसाड किंवा कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियमाची मनाई आहे, आणि त्या कायद्यातली हत्याराची व्याख्या इतकी व्यापक आहे की हातकुऱ्हाड आत न नेणेच शहाणपणाचे. स्वतःच्या जमिनीतही आंबा, फणस, खैर, साग, ऐन, किंजळ, जांभूळ यांसारखी अनुसूचित झाडे तोडण्यास १९६४ च्या राज्य कायद्यानुसार परवानगी लागते. खाजणातली कांदळवने तर कोणाच्याही मालकीत असली तरी तोडता येत नाहीत.

१६. पाते हलू लागले तर कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवावी, असे सांगतात. ते बरोबर आहे का?

तेवढा दिवस निभावून नेण्यापुरते बरोबर आहे. फुगलेले तंतू भोकाच्या कडेवर चिरडतात आणि लाकूड वाळले की जोड आधीपेक्षा सैल होतो. हलत्या पात्याने काम करणे हा त्याहून मोठा धोका असल्याने, निकडीच्या वेळी दांडा उलटा धरून त्याच्या बुडावर लाकडाने ठोकावे. जडत्वामुळे पाते दांड्यावर चढते आणि जोड आवळतो. नंतर पाचर बदलावी. वरून ओवलेल्या दांड्याबाबत (प्रश्न ७) नेमके उलटे करावे लागते: दांड्याचे वरचे टोक ठोकून खाली बसवावे.

१७. कोयता अडकवायच्या कमरेच्या आकडीत हातकुऱ्हाड अडकवून माडावर किंवा आंब्यावर चढता येईल का?

नाही. आकडी कोयत्याच्या आकाराची असते, कोयत्याचे पाते तिच्यात विशिष्ट दिशेने बसते आणि चढणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय झालेली असते. कुऱ्हाडीचे वजन वरच्या टोकाला असल्याने ती आकडीत कलते आणि उघडी धार मांडीकडे किंवा पाठीकडे वळते. झाडावर एखादी सुकी फांदी कुऱ्हाडीनेच तोडायची असेल, तर आधी वर चढून बसावे, स्वतःला बांधून घ्यावे आणि मग म्यानातली कुऱ्हाड दोराने वर ओढून घ्यावी. खाली सोडतानाही ती दोरानेच सोडावी, टाकू नये.